शनीची कडी गेली कुठं? (सोळा हजार पाण्यात गेले की काय)

बर्डीवाला_बाबा | ६ डिसेंबर २०२५, रात्री ९:५०

मंडळी, इथं आकाशातलं कळणारं कोणी असेल तर जरा सांगा, माझं डोकं फिरून राहिलं आहे. दिवाळीत बोनस आला अन् पोरीचा हट्ट, म्हणून टेलिस्कोप घेतला, ११४ एमएमचा, आरशावाला, सोळा हजाराला. दुकानाचं नाव नाही घेत. दुकानदार म्हणाला का साहेब एकदा शनीची कडी पाहाल ना तर जेवण विसराल. डब्यावर पण तोच फोटो, हा एवढा मोठा शनी अन् त्याला टोपीच्या काठासारखी झकास कडी.

तर चंद्र पाहिला, चंद्र एक नंबर, खड्डेच खड्डे, आमच्या गल्लीसारखे. मग नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शनी शोधला, शोधायलाच तीन रात्री गेल्या, मोबाईलवर अ‍ॅप धरून मान अवघडली. सापडला तेव्हा पाहतो तर काय, एक पिवळट छोटा मणी अन् त्याच्यातून सुई आरपार टोचून ठेवल्यासारखी बारीक रेघ. बस. कडी दिसलीच नाही. २५ चं आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) काढून १० चं लावलं, मणी मोठा झाला, रेघ तशीच. आज परत पाहिलं, तेच. उजवीकडे थोडं दूर एक बारका ठिपका पण आहे, तो आरशावरचा डाग आहे का काय देव जाणे.

दुकानात फोन केला तर म्हणे लेन्स पुसा साहेब. बाजूचे काका म्हणे स्वस्तात घेतला की असंच होणार. अन् कहर म्हणजे पोरीनं (तिसरीत आहे) शाळेच्या प्रोजेक्टमधे शनी काढला तो जसा दिसला तसा, गोळा अन् मधून रेघ, तर मॅडमनं लाल पेनानं काट मारून बाजूला लिहून दिलं, "कडी काढ." पोरगी रडून राहिली का बाबा मी तर पाहूनच काढलं होतं. आता सांगा, परत करू का हा डबा?

वऱ्हाडी_ठसका | रात्री १०:०२

गोळा तं दिसला ना भाऊ? मंग काऊन रडून राहिले. आमच्या घरी कढीगोळे केले का पयले कढी संपते, मांगून येनाऱ्याले नुसते गोळेच भेटते. तुमी उशिरा जेवाले बसले असान.

ट्रायपॉड | रात्री १०:२०

हसू आलं वरचं वाचून. बाबा, परत करायच्या आधी तीन गोष्टी सांगा. एक, टेलिस्कोप घरातून काढल्या काढल्या डोळा लावता का? आरसा घरातल्या हवेइतका गरम असतो, त्याला बाहेर थंड व्हायला अर्धा तास तरी द्या. दोन, गच्चीवरून पाहता का? आपल्या नागपुरात थंडीतही दुपारी स्लॅब बऱ्यापैकी तापतो अन् रात्रभर ती गरमी सोडत बसतो, त्यावरून पाहिलं की चित्र वाहत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखं हलतं. अंगणात मातीवर किंवा गवतावर लावा. तीन, खिडकीच्या काचेतून तर पाहत नाही ना? (हसू नका, मी स्वतः पहिला महिना तेच केलं होतं.)

बाकी तुमच्या नळीची लांबी ९०० एमएमची असणार, म्हणजे २५ च्या आयपीसनं ३६ पट अन् १० च्यानं ९० पट. एवढ्यात कडी दिसायलाच पाहिजे, ती तर ३०-४० पटीतही कळते. डब्यावर पाचशे पट वगैरे लिहिलं असेल तर ते विसरून जा, ११४ एमएमच्या आरशाला सव्वादोनशेच्या वर ताणलं की नुसता धुरकट गोळा उरतो. मला तर आरसा हललेला वाटतो, डब्यात आदळआपट झाली असेल. उद्या एक तारा मधोमध घेऊन फोकस थोडा बिघडवा अन् गोल गोल रिंगा एकात एक बसतात का ते सांगा.

रोहिणी_शकट | रात्री ११:०५

बर्डीवाले दादा, आरसा हलवू नका, काही पुसूही नका. तुमचा टेलिस्कोप ठणठणीत आहे. तुम्हाला जे दिसलं तेच आत्ता जगभर सगळ्यांना दिसतंय.

घरातलं जेवणाचं स्टीलचं ताट घ्या. समोर तिरपं धरलं की गोल दिसतं, आणि अगदी डोळ्याच्या पातळीत आडवं धरलं की नुसती कड दिसते, बरोबर? शनीचं सध्या तेच झालंय. आता हेच ताट घेऊन मुलीसोबत एक खेळ करा. खोलीच्या मधोमध तिला स्टुलावर बसवा, ती सूर्य (आणि पृथ्वीसुद्धा, शनीइतक्या लांबून बघितलं तर आपण सूर्याला चिकटूनच असतो). तुम्ही ताट तिरपं धरून तिच्याभोवती फिरा, पण ताटाची उचललेली बाजू कायम फ्रिजकडेच राहिली पाहिजे, तुम्ही कुठेही असा. एका बाजूला तिला ताटाचा आतला भाग दिसेल, समोर गेलात की ताटाचा तळ दिसेल, आणि मधे दोन जागी ताट नाहीसंच होईल, फक्त कड. शनीचा आस जवळपास २७ अंश कललेला आहे, कडी त्याच्या विषुववृत्ताच्या पातळीत आहेत, आणि तो कल सूर्याभोवती फिरताना दिशा बदलत नाही. एका फेरीला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणून साधारण दर पंधरा वर्षांनी कडी आपल्याला कडेवरून दिसतात.

मागच्या वेळी हे २००९ मधे झालं. यंदा २३ मार्चला पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, पण तेव्हा शनी आकाशात सूर्याच्या इतका जवळ होता की कोणालाच धड बघता आलं नाही. नंतर जुलैपर्यंत कडी साडेतीन अंशांच्या आसपास उघडली, आणि मग आपण पृथ्वीवरून फिरत फिरत परत जवळपास त्याच पातळीत आलो. २३ नोव्हेंबरच्या सुमाराला तो कोन अर्ध्या अंशाहून कमी होता. तुम्ही दुर्बीण घेऊन नेमका तोच आठवडा गाठलात! आता हळूहळू उघडतील. २०३२ मधे पूर्ण उघडलेली असतील, डब्यावरच्या फोटोसारखी.

आणि मुलीला सांगा, १६१० मधे गॅलिलिओला शनीच्या दोन बाजूंना दोन लहान गोळे चिकटल्यासारखे दिसले होते, त्याची दुर्बीण तुमच्यापेक्षा कितीतरी साधी होती. १६१२ च्या अखेरीस पाहतो तर ते दोन्ही गोळे गायब. त्यालाही कळेना काय झालं, त्यानं पत्रात लिहिलं की शनीनं आपलीच पोरं गिळली की काय (तिकडच्या पुराणकथेत शनी पोरं खातो). ती कडी आहेत आणि ती आडवी झाली की दिसेनाशी होतात, हे हायगेन्स नावाच्या शास्त्रज्ञानं १६५९ मधे नीट मांडलं. जे दिसलं ते काढलं, त्याला काट मारायची नसते हो.

बाजूचा ठिपका डाग नाही, तो टायटन असणार, शनीचा सगळ्यात मोठा चंद्र. सोळा दिवसांत एक फेरी मारतो. आठ दिवसांनी त्याच वेळी परत बघा, तो डावीकडे गेला असेल तर माझं खरं.

पुण्याचा_पाहुणा | रात्री ११:१८

माहितीपूर्ण प्रतिसाद. फक्त एक, 'कडे' हे नपुंसकलिंगी, अनेकवचन 'कडी', त्यामुळे 'कडी दिसलीच नाही' नव्हे, 'कडी दिसलीच नाहीत' असं हवं.

वऱ्हाडी_ठसका | रात्री ११:२१

दिसलीच नाई तं व्याकरण कायले पाह्यतं भाऊ.

बर्डीवाला_बाबा | रात्री ११:४०

रोहिणीताई, तुम्ही तर जीवच वाचवला. ताट घेऊन आत्ताच प्रयोग केला, बायको म्हणे रात्री साडेअकराला ताटं वाजवून काय राहिले. पोरगी झोपेतून उठून बसली स्टुलावर, अन् ताट गायब झालं तेव्हा टाळ्या वाजवल्या तिनं. पण एक गोष्ट नाही कळली, एवढी मोठी कडी आडवी झाली तरी तिची जाडी तर असेल ना काही? ती जाडी दिसायला पाहिजे.

रोहिणी_शकट | ७ डिसेंबर, सकाळी ८:१०

जाडीचाच तर गंमतीशीर भाग आहे. मुख्य कड्यांचा पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन लाख सत्तर हजार किलोमीटरच्या वर, आणि जाडी बऱ्याच ठिकाणी दहा मीटरच्या घरात. म्हणजे आपल्या तीन मजली अपार्टमेंटएवढी. मी रात्री हिशोब करून बघितला: कडी जर झेरॉक्सच्या कागदाएवढी पातळ करायची म्हटली तर तो कागद झिरो माईलपासून धरमपेठेपर्यंत पसरावा लागेल, पावणेतीन किलोमीटरचा एक अखंड कागद. तो त्याच हिशोबानं चौदा हजार किलोमीटरवरून कडेनं बघायचा. आत्ता रेघ दिसते तीसुद्धा अजून थोडासा कोन आहे म्हणून.

आणि ते अखंड पत्र्यासारखं कडं नाहीच. मॅक्सवेल नावाच्या शास्त्रज्ञानं १८५० च्या दशकात गणितानं दाखवलं की अखंड असतं तर तुटून गेलं असतं. ते असंख्य तुकडे आहेत, मुख्यतः पाण्याचं बर्फ, वाळूच्या कणापासून घराएवढ्यापर्यंत, आणि प्रत्येक जण आपापली स्वतंत्र प्रदक्षिणा घालतोय.

पंचांगवाले_आजोबा | सकाळी ९:३५

नमस्कार. वाचून आनंद झाला. आमच्या पिढीला शनी म्हणजे तेल, रुईची माळ आणि साडेसाती. सध्या शनिमहाराज मीनेत आहेत, कुंभ, मीन, मेष या राशींना साडेसाती चालू. आता ही कडी दिसेनाशी झाली याचा साडेसातीवर काही परिणाम? गंमत म्हणून विचारतो, रागावू नये.

रोहिणी_शकट | सकाळी १०:१५

आजोबा, रागवायचं काय त्यात. फळाबिळाचं मी मानत नाही, पण साडेसातीच्या आकड्यात निरीक्षण मात्र पक्कं आहे. बारा राशी, एका राशीत अडीच वर्षं, म्हणजे तीस वर्षं, आणि खरा आकडा साडेएकोणतीस. दुर्बीण नसताना नुसत्या डोळ्यांनी वर्षानुवर्षं आकाश बघून मिळालेला. तीन राशींचे अडीच-अडीच म्हणून साडेसात. आणि नावच बघा ना, शनैश्चर, म्हणजे हळूहळू चालणारा. डोळ्यांनी दिसणाऱ्या ग्रहांमधे सगळ्यात मंद तोच. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं आपल्यापेक्षा जास्त रात्री उघड्यावर काढल्या असणार.

पंचांगवाले_आजोबा | सकाळी १०:२८

हे मात्र बहात्तर वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. धाग्याची वाचनखूण साठवली.

सिंदेवाही_एक्सप्रेस | दुपारी १:४५

कड्यांचाच विषय निघाला म्हणून लिहितो, आमच्याकडं तर आकाशातून खरंच कडं पडलं होतं बाप्पा! २ एप्रिल २०२२, तारीख पक्की लक्षात आहे कारण गुढीपाडवा होता. गुढी उतरवून झाली होती, पोटात पुरणपोळी, आम्ही सगळे अंगणात खाटा टाकून बसलो होतो. पावणेआठ वगैरे वाजले असतील. एकदम आकाशात जळते गोळे, एक नाही, एकामागं एक ओळीनं, मागं लांब शेपट्या, अन् सावकाश, म्हणजे मी उठून घरात जाऊन आईला बाहेर आणलं तरी ते चालूच होतं. आवाज नाही काही. शेजारचा म्हणे विमान पेटलं, दुसरा म्हणे धूमकेतू, म्हातारे हात जोडून उभे.

मग थोड्या वेळात बातमी आली का लाडबोरीला काहीतरी पडलं. दुसऱ्या दिवशी आमच्या तालुक्यात तोच विषय, लोखंडासारखं दिसणारं भलंमोठं कडं, दहा-एक फूट व्यासाचं. गर्दी म्हणजे जत्राच. ते पोलीस ठाण्यात नेऊन ठेवलं, आजूबाजूच्या गावांत धातूचे गोळे पण सापडले, नंतर इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा टप्पा होता म्हणतात, आदल्या वर्षी सोडलेल्या रॉकेटचा. आमच्यातले अर्धे लोक अजून त्याला उल्काच म्हणतात. ताई, उल्का अन् रॉकेटचा तुकडा नुसतं पाहून ओळखता येतो का?

वऱ्हाडी_ठसका | दुपारी १:५२

आता समजलं. शनीचं कडं सिंदेवाहीले पडलं अन् बाबा बर्डीवर बसून शोधून राहिले!! गोळे भी तिथंच पडले म्हंते, कढीगोळ्याचा पुरा बेत झाला.

रोहिणी_शकट | दुपारी ३:३०

(वरचं वाचून चहा सांडला माझा.)

सिंदेवाही, ओळखता येतो आणि ओळखायची खूण तुम्हीच लिहिलीत: आईला बाहेर आणेपर्यंत चालू होतं. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर आणि जास्तीत जास्त ७२ किलोमीटर वेगानं येतात, साधारण वाळूच्या कणाएवढ्या असतात आणि सेकंद-दोन सेकंदांत खेळ खलास. "ते बघ" म्हणेपर्यंत संपते. पृथ्वीभोवती फिरणारा रॉकेटचा टप्पा सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास, आणि तो जवळजवळ आडवा, अगदी उथळ कोनातून हवेत शिरतो, त्यामुळे मिनिटभर किंवा जास्त वेळ जळत जळत जातो आणि वाटेत त्याचे तुकडे ओळीनं सुटत जातात. इंधनाच्या टाक्यांचे गोळे बऱ्याचदा शाबूत खाली येतात, कारण त्या दाब सहन करायलाच बनवलेल्या असतात.

गिट्टीखदान_बॉय | संध्याकाळी ६:०५

मला एक विचारायचं होतं, आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज येऊन राहिलं का १९ डिसेंबरला एलियनचं यान पृथ्वीजवळून जाणार, थ्री आय अ‍ॅटलास नावाचं, शास्त्रज्ञ लपवून राहिले. मामेभाऊ तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरून बसला. खरं काय?

रोहिणी_शकट | संध्याकाळी ७:४०

बॅटरीत पाणी भरलं ते चांगलंच केलं, उन्हाळ्यात उपयोगी पडेल.

तो धूमकेतू आहे. १ जुलैला चिलीमधल्या अ‍ॅटलास दुर्बिणीनं शोधला. नावातला 'थ्री आय' म्हणजे सूर्यमालेच्या बाहेरून आलेला आपल्याला सापडलेला तिसरा पाहुणा. पहिला ओउमुआमुआ २०१७ मधे, दुसरा बोरिसोव्ह २०१९ मधे. बाहेरचा कशावरून? सूर्याभोवती फिरणाऱ्या वस्तूची वाट बंद असते, लांबट का होईना पण वळून परत येते. याची वाट उघडी आहे, आणि सूर्यापासून खूप लांब असतानाच याचा वेग सेकंदाला ५८ किलोमीटरच्या आसपास होता. इतक्या वेगवान वस्तूला सूर्य धरून ठेवूच शकत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी सूर्याजवळून वळसा घेतला, आता चालला परत, कायमचा. १९ डिसेंबरला 'जवळून' म्हणजे सुमारे २७ कोटी किलोमीटरवरून, सूर्य आपल्यापासून जेवढा लांब आहे त्याच्या पावणेदोन पटीहून जास्त. लपवायचं म्हणता, तर जगभरातल्या दुर्बिणी त्याच्याकडेच वळवल्यात आणि फोटो सगळ्यांसाठी खुले आहेत. बाबांच्या ११४ एमएममधून नागपूरच्या उजेडात मात्र तो दिसायचा नाही, शोधत बसू नका.

ट्रायपॉड | रात्री ८:०५

बाहेरून येऊन खरंच आदळलेलं पाहायचं असेल तर लोणारला जा ना, एलियन कशाला पाहिजे. साधारण १.८ किलोमीटरचा खड्डा, तोही आपल्या काळ्या बेसॉल्टमधे (थिजलेल्या लाव्ह्याच्या खडकात). आधी लोकांना तो ज्वालामुखीचा वाटायचा, १९७३ मधे खोदकामातल्या दगडांवरून तो आघाताचाच असल्याचं छापून आलं. चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच, म्हणून चंद्रावरचे खड्डे समजून घ्यायला जगातले लोक बुलढाण्यात येतात. वय मात्र अजून भांडणाचा मुद्दा, एका पद्धतीनं ५२ हजार वर्षं अन् दुसऱ्या पद्धतीनं ५ लाख ७० हजार. दहापटीचा फरक! आमच्या आजीच्या जन्मतारखेसारखं.

बाबा, आज रविवार, आत्ता पूर्वेला चंद्र उगवून राहिला असेल, त्याच्या बाजूला जो ठळक न लुकलुकणारा आहे तो गुरू. जरा वर चढू द्या, दहा-साडेदहाला लावा त्यावर टेलिस्कोप. आरसा बरोबर आहे की नाही ते गुरू सांगेल.

बर्डीवाला_बाबा | ९ डिसेंबर, रात्री ११:३०

रिपोर्ट देतो. रविवारी जमलं नाही, सासुरवाडीचे आले होते. काल सोमवारी अधिवेशन सुरू झालं, घरी पोचायलाच साडेआठ वाजले, तरी काल अन् आज दोन्ही दिवस लावला. ट्रायपॉडभाऊंचं ऐकून गच्ची सोडली, सोसायटीच्या मागं जिथं चिंचेचं झाड आहे तिथं मातीवर लावला, अर्धा तास तसाच ठेवला, तोवर वॉचमनकाका शाल गुंडाळून येऊन बसले, त्यांना वाटलं सर्व्हेवाले आले.

डोळा लावला तर बाप्पा! शनीपेक्षा मोठा, थोडासा चपटा गोळा, अन् त्याच्यावर दोन पुसट तपकिरी पट्टे, चहाच्या कपाला आतून डाग राहतो ना तसे. अन् बाजूला एका रेषेत तीन ठिपके, दोन एकीकडे एक दुसरीकडे. पोरीनं वहीत काढले. वॉचमनकाकांनी पाहिलं, बराच वेळ डोळा काढेनात, मग म्हणाले "इतके दिवस रात्रपाळी केली, हा रोज वर होता का?" मी म्हटलं हो. ते काही बोलले नाही, अजून एकदा पाहिलं.

आज परत लावला तर ठिपके चार! अन् जागा सगळ्या बदललेल्या. पोरगी दोन चित्रं शेजारी ठेवून मला विचारून राहिली का कालचा चौथा कुठं होता. मी म्हटलं रोहिणीताईंना विचारतो.

रोहिणी_शकट | १० डिसेंबर, सकाळी ७:५०

गुरूच्या मागे किंवा पुढे होता, नाहीतर त्याच्या सावलीत. ते ठिपके म्हणजे गुरूचे चार मोठे चंद्र. आयो तर पावणेदोन दिवसांत फेरी पूर्ण करतो, युरोपा साडेतीन, गॅनिमीड सात, कॅलिस्टो पावणेसतरा, त्यामुळे रोज नवीन मांडणी. गॅलिलिओनं जानेवारी १६१० मधे नेमकं हेच केलं होतं, रोज रात्री ठिपके काढत गेला, आणि त्यातून कळलं की सगळंच काही पृथ्वीभोवती फिरत नाही. पुढे आपण गुरूच्या जवळ असलो की आयोची ग्रहणं लवकर आणि लांब असलो की उशिरा लागतात, यावरून रोमर नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं १६७६ मधे सांगितलं की प्रकाशाला यायला वेळ लागतो. शनीवरचा प्रकाश तर तुमच्या डोळ्यात पोचायला सव्वा तास घेतो, तेवढ्यात गाडी वर्धेला लागते.

वॉचमनकाकांना सांगा, पहाटे पावणेतीनला गुरू जवळपास बरोबर डोक्यावर असतो. रात्रपाळीवाल्यांनाच दिसतो असा.

ट्रायपॉड | ११ डिसेंबर, दुपारी २:१५

शनिवारी १३ ला जेमिनिड्स उल्कावर्षाव आहे, चंद्र दीड-दोनशिवाय उगवत नाही, म्हणजे सोय आहे. शहरातून काही मजा नाही. पेंच बाजूला जा, जानेवारी २०२४ मधे पेंचला देशातला पहिला डार्क स्काय पार्क म्हणून मान मिळालाय, सिल्लारीकडच्या गावांतले दिवेसुद्धा खाली तोंड करणारे लावलेत. टेलिस्कोप नको, चटई अन् ब्लँकेट न्या. कानटोपी विसरू नका.

बर्डीवाला_बाबा | १५ डिसेंबर, रात्री ९:२०

जाऊन आलो! देवलापारजवळ साडूचं शेत आहे, तिथंच चटया टाकल्या. आधी तर अंधार पाहूनच भीती वाटली, पोरगी म्हणे बाबा इतक्या चांदण्या कुठून आल्या, अन् खरंच, ती बर्डीवर जन्मली, तिनं पाहिल्याच नव्हत्या. मृग असा समोर उभा, बाणासकट. साडूनं तुऱ्हाट्यांची शेकोटी केली होती ती विझवायला लावली मी, त्यावरून थोडं वाजलं, रानडुकराच्या भीतीनं तो काठी घेऊनच बसला होता.

अकरा ते एक, दोन तास. पोरगी वहीत काड्या ओढून मोजत होती, चौऱ्याऐंशी झाल्या, मग झोपली. एक तर अशी गेली का सगळ्यांच्या तोंडातून एकदम "हाऽऽ" निघालं, हिरवट, अन् मागं धुराची रेघ दोन सेकंद. सिंदेवाहीभाऊ, तुमचं बरोबर आहे, आईला बोलवायला वेळच नाही मिळत. ताई, या कोणत्या धूमकेतूच्या?

अन् हो, त्याच रात्री निघायच्या आधी शनी पाहिला. ठिपका डावीकडे!! टायटनच तो.

रोहिणी_शकट | रात्री १०:००

डावीकडे गेला ना? छान!

जेमिनिड्सची गंमत म्हणजे बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून होतात, पण हा फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा आहे. १९८३ मधे सापडला, पाच-सहा किलोमीटरचा दगड, दर १.४ वर्षांनी सूर्याच्या इतका जवळ जातो की बुधसुद्धा तेवढा जवळ जात नाही. तिथे तापून तडकतो असं मानतात. त्याचे कण सेकंदाला ३५ किलोमीटरनं येतात. तुमची हिरवट त्यातलीच.

शाळेचं काय झालं पुढे?

बर्डीवाला_बाबा | १६ डिसेंबर, संध्याकाळी ७:१०

शाळेचं राहिलंच सांगायचं. पोरगी दप्तरात स्टीलचं ताट घेऊन गेली, मला पत्ता नाही. मधल्या सुट्टीत एका मैत्रिणीला मधे बसवून सगळ्या वर्गाला फिरून दाखवलं म्हणे, खिडकीला फ्रिज मानून. मॅडमनं पण पाहिलं. काट मारलेल्यावर बरोबरची खूण करून दिली, वरून म्हणाल्या, "पण परीक्षेत कडीवालाच काढशील हं."

अन् दुकानदाराला फोन केला, म्हटलं माफ करा, तुमचा माल चांगला आहे, मीच ओरडलो होतो. तो बिचारा गप्पच झाला, मग म्हणे साहेब तुमच्या आधी दोन जणांनी कडी दिसत नाही म्हणून परत आणून दिले, मी पैसे पण दिले, ते दोन्ही पीस गोडाऊनमधे खराब म्हणून पडले आहेत. मी त्याला ताटाचं समजावलं. आता म्हणतो कोणाला पाहिजे असतील तर कमी करून देतो.

ट्रायपॉड | संध्याकाळी ७:१४

मॉडेल कोणतं? व्यनि (खासगी निरोप) करा.

वऱ्हाडी_ठसका | संध्याकाळी ७:१६

एक माह्यासाठी ठेवाले सांगा भाऊ. कडी २०३२ ले पाहू, तवरोक गोळ्यावर भागवतो.